चाळीस पेले

शेजारच्या साबोबाई पेले मागायला आल्या तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. झेलमिरा स्वयंपाकघरात उभ्यानेच पाव खात होती. एर्विन गेल्यापासून ती टेबलाशी बसून खात नसे. उभ्याने खाल्लं की जेवल्यासारखं वाटत नाही, आणि मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडेही लक्ष जात नाही. साबोबाई दारातूनच बोलत आत आल्या. "अगं, बहिणीने दोन बादल्या रास्पबेरी पाठवल्यात. रस काढला खरा, पण ठेवू कशात? तुझ्या एर्विनकडे दह्याचे रिकामे पेले असायचे ना ढीगभर? म्हटलं, तुला आता ते कशाला लागतायत." बोलून गेल्यावर त्या जराशा ओशाळल्या. "म्हणजे तसं नाही गं." झेलमिरा म्हणाली, "असू दे," आणि वाकून तिने फडताळाचा खालचा कप्पा उघडला. कप्पा रिकामा होता. आत अंथरलेल्या कागदावर पेल्यांच्या बुडांची वर्तुळं तेवढी उमटलेली होती. "टाकून दिले असशील," साबोबाई म्हणाल्या. "नाही. मी नाही टाकले." "मग त्यानेच टाकले असतील." "चाळीस होते," झेलमिरा म्हणाली. ईस्टरच्या आठवड्यात एर्विन याच टेबलाशी बसून तापवलेल्या सुईने एकेका पेल्याच्या बुडाला भोकं पाडत होता. घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला होता, त्यावरून ती त्याला बोलली होती. शेवटचा पेला उपडा ठेवून तो म्हणाला होता, "झाले चाळीस. आता बास." ती आत्ता मोठ्याने म्हणाली, "पेले." कोणाला उद्देशून नव्हे, नुसताच शब्द. आणि तिच्याच तोंडून निघालेला तो शब्द तिला एर्विनच्या आवाजात ऐकू आला. इस्पितळातल्या खाटेवरून, वाकड्या झालेल्या ओठांतून, थुंकीसकट. साबोबाई तिच्याकडे बघत होत्या. "बस जरा," त्या म्हणाल्या, "पांढरी पडलीस." झेलमिरा बसली. पाच आठवड्यांनंतर ती पहिल्यांदाच टेबलाशी बसली होती, आणि हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

इस्पितळातल्या बारा दिवसांत तो एकच शब्द बोलला होता. चार मेच्या सकाळी तो तिला बाहेरच्या खोलीत पडलेला सापडला, एका पायात बूट, दुसरा हातात. उजवी बाजू गेली होती. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला आणि तिला पाहून म्हणाला, "पेले." तिने पेल्यात पाणी आणलं. त्याने डाव्या हाताने ते ढकललं, पाणी चादरीवर सांडलं. नर्स म्हणाली, "आजोबांना तहान लागलीय, पण गिळता येत नाही अजून. चमच्याने दाट केलेला चहा द्यायचा." दुसऱ्या दिवशी ती घरून त्याचा निळा इनॅमलचा पेला घेऊन आली, त्याला वाटेल आपलाच हवाय. त्याने तो पाहिला आणि डोळे मिटून घेतले. मग तिने काचेचा आणला, मग नळी असलेला. प्रत्येक वेळी ती लहान मुलाला दाखवावा तसा पेला त्याच्या डोळ्यांसमोर धरायची. "हा का? हा?" आणि तो डावा हात वर करून चार बोटं दाखवायचा. चार. तिला वाटलं, भेटायची वेळ चारला संपते, म्हणून तो तिला जाऊ नकोस म्हणतोय. तिने ती चार बोटं मुठीत घेऊन सांगितलं, "आहे रे मी, अजून खूप वेळ आहे." तो रडायला लागला. चाळीस वर्षांत तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. सहाव्या दिवशी तिचाच धीर सुटला. "मग हवंय तरी काय तुला?" ती ओरडली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा वळून बघायला लागला. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून समजावलं की डोक्यात असा झटका बसला की एखादा शब्द अडकून बसतो, माणूस तोच बोलत राहतो, त्याला अर्थ नसतो. तिला हे ऐकून हलकं वाटलं होतं. ते हलकं वाटणं आता तिला नेमकं आठवलं, दालनाबाहेरच्या हिरव्या भिंतीसकट. त्यानंतर तिने त्या शब्दाकडे लक्ष देणं सोडलं. तो म्हणायचा, "पेले," आणि ती म्हणायची, "हो रे, हो," आणि त्याची उशी सारखी करायची. शेवटचे दोन दिवस तो गप्पच होता. ती साबोबाईंना म्हणाली होती, आता शांत आहे बिचारा.

आणि ती कोण होती? एकतीस वर्षं कोशित्से शहराच्या न्यायालयात साक्षी टिपून घेणारी. दारुडे, तोतरे, रडणाऱ्या बायका, हंगेरियन मिसळून बोलणारे म्हातारे, सगळ्यांचं बोलणं तिच्या बोटांतून कागदावर गेलं होतं, आणि साक्षीदाराला पुन्हा बोलायला लावलंय असं तिच्याकडून कधी झालं नव्हतं. एर्विन म्हणायचा, "खुनी माणसांचं शब्दन्‌शब्द ऐकतेस, माझ्या किड्यांचं एक वाक्य ऐकायला तुला होत नाही." ती म्हणायची, "खुनी चिखलाचे बूट घेऊन घरात येत नाहीत." हा विनोद त्यांच्यात इतका जुना झाला होता की दोघंही हसत नसत. किडे म्हणजे एकच किडा. अंगठ्याएवढा काळा भुंगेरा, पाठ देवी आलेल्या चेहऱ्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची. जंगलातल्या झऱ्यांच्या काठी, सावलीत, कुजक्या लाकडात राहणारा, आणि शिकारीसाठी चक्क पाण्यात उतरणारा. गोगलगायी, अळ्या, जे हाती लागेल ते धरून खाणारा. उडता येत नाही. जन्मला त्या ओहोळाच्या काठीच मरतो. ओहोळावरची झाडं तोडली, ऊन पाण्यावर आलं, की संपला. एवढं तिला माहीत होतं, पण ते तिने कधी ऐकलं म्हणून नव्हे. पावसाचा आवाज जसा न ऐकताही कानात साठत जातो, तसं साठलं होतं.

साबोबाई गेल्यावर तिने संग्रहालयातल्या दोरोताला फोन केला. ही एर्विनची शेवटची विद्यार्थिनी, त्याच्या निवृत्तीनंतर त्याच्याच खोलीत बसणारी. "दोरोता, एर्विन पेल्यांचं काय करायचा?" "जमिनीत पुरायचे, मावशी. काठाला, तोंड जमिनीला समपातळीत. आत मांसाचा तुकडा. किडा रात्री आत पडतो, बाजू गुळगुळीत, वर येता येत नाही. सकाळी जाऊन मोजायचे आणि सोडून द्यायचे." "सकाळी नाही गेलं तर?" दोरोता हसली. "एर्विनकाका? ते पाऊस असो, ताप असो, पहिल्या बसने..." मग ती गप्प झाली. "यंदा मोजणी झालीच नाही ना?" दोरोताने हळूच विचारलं. "मला म्हणाले होते मेमध्ये बघू. मला वाटलं, राहून गेली." झेलमिरा म्हणाली, "फडताळात पेले नाहीत."

त्याचा कोट अजून खुंटीवरच होता. कोणाला द्यायचा हे ठरत नव्हतं, म्हणून नुसताच टांगलेला. आतल्या खिशात वही होती. दुसऱ्या दिवशी बसमध्ये दोरोता खिडकीशी बसली, झेलमिरा कडेला, आणि तिने वही उघडली. शेवटच्या पानावर त्याचं बारीक, मागे झुकलेलं अक्षर. ३ मे. ओल्शा ओहोळ, वरचा भाग. ४० पेले. उद्या सातला उघडणे. त्याखाली, जरा आत सरकवून: झेलमाला विचारणे, येते का. आणि त्याखाली ४ मे, पुढे कोरं. तारीख त्याने आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती. बस बुटक्या टेकड्यांमधून चढत होती. झेलमिरा त्या एका ओळीकडे बघत राहिली. तीन मेची संध्याकाळ. तो उशिरा, गुडघ्यांपर्यंत चिखल घेऊन आला, ती मोरीशी बटाटे धूत होती, नळ पूर्ण सोडलेला. तो मागे येऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलला. ती न वळता म्हणाली, "बूट बाहेर." तो पुन्हा काहीतरी बोलला, लांबलचक, शेवटी आवाज वर गेलेला, प्रश्नाचा असतो तसा. ती म्हणाली, "जा ना, कोणी अडवलंय?" आणि तो जरा वेळ तिथेच उभा राहून बूट काढायला गेला. वीस वर्षांपूर्वीच्या एका चोराची साक्ष तिला अजून तोंडपाठ होती. नळाच्या आवाजामागचे ते शब्द मात्र तिने कितीही कान दिला तरी परत येत नव्हते. आता तिला कळलं होतं ते काय होते, पण ते ऐकू येत नव्हते.

ओहोळ अगदीच लहान होता. तिच्या मनात इतक्या वर्षांत तो कुठेतरी नदीएवढा झाला होता. इथे एका ढांगेत ओलांडता येईल एवढं पाणी, वर ऑल्डर आणि बीचची झाडं, काठाला शेवाळ्याने झाकलेली पडकी खोडं. काही झाडांच्या बुंध्यांवर तांबड्या रंगाचे ताजे ठिपके होते. "हे काय?" तिने विचारलं. "तोडायची झाडं," दोरोता म्हणाली. "शरद ऋतूत. काठापासून वरपर्यंत सगळी. भुंगेरा इथे अजून आहे असं यंदाच्या मोजणीने दाखवलं, तरच थांबणार होतं. त्यासाठीच तर काका आले असतील." एर्विनने प्रत्येक पेल्याजवळच्या फांदीला पांढरा दोरा बांधला होता. पहिला पेला दोरोताने सालीचं झाकण बाजूला करून वर काढला आणि लगेच तोंड फिरवलं. वास आला. आत काळं काहीतरी दाटलेलं होतं, पालापाचोळ्यासारखं. तिने ते सालीवर पालथं केलं तेव्हा दिसलं की ती पंखांची कवचं आहेत, डोकी आहेत, पाय आहेत. काही कवचं कुरतडलेली. "आधी एकमेकांना खाल्लं असणार," दोरोता म्हणाली. "मग..." झेलमिराने विचारलं, "इतके? तो तर म्हणायचा, अख्ख्या हंगामात अकरा मिळाले तर नशीब." दोरोता म्हणाली, "एका रात्रीचे नाहीत हे. जे पडले ते मेले, सडले. त्या वासाने दुसरे आले. ते पडले, त्यांच्या वासाने आणखी. सात आठवडे, मावशी. अख्खा ओहोळ येत राहिला."

त्या दोघी ओहोळ चढत गेल्या. दोरोता पुढे, दोरे शोधत, झेलमिरा मागे, पेले उपसत. प्रत्येक पेला उचलताना तिला वाटायचं, यात एक तरी हलेल. एक तरी पाय. ती पेला कानाशी धरून बघायची, खरखर ऐकू येते का. चिखल तिच्या शहरी बुटांत शिरला, मोजे भिजले, पाणी इतकं थंड की घोटे दुखायला लागले, आणि मनाच्या एका कोपऱ्यात तिला हेही जाणवत होतं की इथे छान आहे. पानांतून गाळून येणारा हिरवा उजेड, पाण्याचा बोलल्यासारखा आवाज, कुजक्या लाकडाचा गोडसर वास. हाच वास त्याच्या स्वेटरला असायचा आणि ती तो स्वेटर बाल्कनीत टांगायची. इथे आणायला त्याने तिला किती वर्षं विचारलं असेल. चाळीस? दरवर्षी एकदा तरी. अडतीस पेले सापडले. दोन पुरात वाहून गेले असावेत, किंवा दोरा तुटला असेल. दोरोताने एका सपाट दगडावर कवचांच्या जोड्या लावून मोजल्या. एकशे चौदा. एकही जिवंत नव्हता. झेलमिरा काठावर बसली आणि पहिल्यांदाच रडली. इस्पितळात नाही, दफनाच्या वेळी नाही, इथे. दोरोता बाजूला येऊन बसली, पण तिने पाठीवर हात ठेवला नाही, आणि ते बरं वाटलं. "त्याला ठाऊक होतं," झेलमिरा म्हणाली. "बारा दिवस तो तिथे पडून मोजत होता. रोज किती पडले असतील ते. चार बोटं म्हणजे चाळीस, आणि मी त्याला पेल्याने पाणी पाजत होते." "तुम्हाला कसं कळणार होतं?" "ऐकलं असतं तर कळलं असतं."

मग दोरोता म्हणाली, "मोजणीचा कागद महिनाअखेर वनखात्याच्या कचेरीत द्यायचाय." झेलमिराने तिच्याकडे पाहिलं. पोरगी तिशीची असेल, नाकावर चिखल लागलेला, डोळे सुजलेले. "आहे तसं लिहिलं," दोरोता पाण्याकडे बघत म्हणाली, "एकशे चौदा मेलेले, पेले न उघडल्यामुळे, तर ते म्हणतील, आता इथे राखायला उरलंय काय? आणि काकांचं नाव... तुम्हाला माहीत नाही लोक काय बोलतील. चाळीस वर्षं ज्याने जपले, त्यानेच मारले." "आणि कसं लिहायचं म्हणतेस?" दोरोताने ओठ चावले. "मी काही म्हणत नाही, मावशी. पण वहीत चार मेपुढे जागा कोरी आहे. सकाळी येऊन पेले उघडले, नऊ जिवंत, सोडले. मग घरी गेल्यावर झटका आला. एवढंच." "झटका सकाळी सहाला आला." "ते इस्पितळाच्या कागदावर आहे. इथे कोण बघतंय?" तांबडे ठिपके उन्हात ओले असल्यासारखे चमकत होते. एकतीस वर्षांत झेलमिराने एका अक्षराचा फरक केला नव्हता. एकदा एका वकिलाने एका साक्षीतलं 'बहुतेक' गाळायला सांगितलं होतं, तेव्हा ती खुर्चीवरून उठून थेट न्यायाधीशांकडे गेली होती. एर्विनला त्याचा फार अभिमान होता, येईल त्याला तो हा किस्सा सांगायचा. तोच इथे असता तर काय म्हणाला असता? तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, आणि तिला कळलं की तो म्हणाला असता, खरं लिही. आणि मग ती तुटलेली झाडं बघायला दरवर्षी इथे आला असता. "पेन दे," ती म्हणाली. त्याचं अक्षर तिला येत होतं. त्याच्या पेन्शनच्या कागदांवर, बँकेत, नाताळच्या पत्रांवर सही करून करून हात बसला होता. मागे झुकवून, बारीक. उघडले. ९ जिवंत, सोडले. हात कापला नाही, याचंच तिला नंतर किती तरी दिवस वाईट वाटत राहिलं. कवचं त्यांनी एका खोडाखाली पुरली. पेले दोघींनी वाटून पिशव्यांत भरले, आणि शहरात उतरल्यावर बसथांब्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिले.

झाडं राहिली. हिवाळ्याच्या तोंडाशी कचेरीतून कागद आला, त्यात एर्विनचं नाव होतं, पदव्यांसकट. संग्रहालयात छोटीशी सभा झाली, कोणीतरी म्हणालं की गेलेल्या माणसाची शेवटची मोजणी एक जंगल वाचवून गेली. झेलमिरा पहिल्या रांगेत बसली होती. साबोबाईंनी तिचा हात दाबला. तिला वाटत होतं, आता कोणीतरी उठेल आणि म्हणेल, बाई, पुन्हा सांगा. कोणी उठलं नाही. घरी येऊन तिने उभ्यानेच पाव खाल्ला. दोरोताशी फोनवर बोलणं व्हायचं, हवापाण्याचं. त्या गोष्टीबद्दल दोघीही चकार शब्द काढत नसत, आणि म्हणूनच हळूहळू फोन कमी झाले.

पुढच्या मेमध्ये ती एकटीच ओहोळावर गेली. पेले न घेता, नुसत्या हातांनी. दगड उलटायचे, पाहायचं, तसेच परत ठेवायचे. कुजकी खोडं बोटांनी उकलायची. गांडुळं मिळाली, गोगलगायी मिळाल्या. एवढ्या गोगलगायी की तिला वाटलं, यांना खाणारं कोणी उरलं नाही म्हणूनच. तिसऱ्या दिवशी पायवाटेवरून इम्रिख आला, त्या भागाचा वनरक्षक. आडदांड, साठीच्या पलीकडचा, एर्विनशी वर्षानुवर्षं वाद घातलेला. तोडीच्या यादीवर त्याचीच सही असणार होती. "तुम्हीच ना त्यांच्या बाई?" टोपी काढून तो म्हणाला. "मी त्यांना म्हणायचो, एका किड्यासाठी माझी चारशे झाडं अडवता. भांडलोय खूप. पण खरं सांगू का, मलाही ती तोडायची नव्हती. त्यांच्यामुळे सुटलो." तो काठाशी उकिडवा बसला, गुडघ्यांतून आवाज आला. "इतकी वर्षं इथे आहे, पण एकदाही बघितला नाही मी तो. ते म्हणायचे, बसा तासभर गप्प, दिसेल. मला कुठला वेळ." मग त्याने मान वर करून, जरासं लाजत विचारलं, "तुम्हाला दिसला का हो?"

झेलमिराचे हात चिखलाने माखले होते. नखं काळी झाली होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"दिसला," ती म्हणाली. "मघाशीच. त्या दगडाखाली होता. पाण्यात उतरला."

"कुठल्या?"

तिने बोट दाखवलं. इम्रिख तिथे सरकला आणि दगडापाशी वाकून, श्वास रोखून, वाट बघत बसला. झेलमिराही त्याच्या शेजारी बसली.